माया असू दे, पण टेप हातात घेऊन

पोरी, प्लॉटला इसार दिलात असं तुझ्या आईकडून कळलं. दसऱ्याला खरेदीखत, दिवाळीनंतर पायाखुदाई आणि गावभागातलं घर विकायचं, इथवर सगळं ठरलंय आणि आता तुला रात्री झोप लागत नाही म्हणे. साहजिक आहे. लग्न करून आलीस ती त्याच दोन खोल्यांत आणि वरच्या माडीत; दोन्ही लेकरांची बारशी तिथंच झाली. पण कृष्णामाई दोनदा उंबरा ओलांडून आत आली, २०१९ला आणि पुन्हा २०२१ला. दुसऱ्या खेपेला चिखल काढताना तुझ्या सासूबाईच म्हणाल्या, ‘आता बास.’ तेव्हा निर्णय बरोबर की चूक हे उगाळत बसू नकोस. हातात काम घे.

आम्ही मिरजेत बांधलं तेव्हा तुझे काका साखर कारखान्यात. गळिताच्या हंगामात त्यांना घरी जेवायला यायची फुरसत नसे. साइटवर मीच उभी असायचे. तेव्हापासून नात्यात कुणाचंही जोतं भरायचं झालं की मला निरोप येतो. त्यातून जे गाठीला आलं ते सांगते. जुन्या घराची माया टाकून देता येत नाही आणि तिला कवटाळून बसून भागत नाही. ती मोजायची असते. ते घर तुला का आवडतं हे फूट-इंचांत मांडता आलं, की नव्या घराचा अर्धा नकाशा झाला. जावईबापूंनाही वाचून दाखव. पैशाचा भाग त्यांच्यासाठी आहे.

आधी जुनं घर मोज

आर्किटेक्टकडे जाण्याआधी आठवडाभर एक वही घेऊन घरात वावर. सकाळी सातला कोण कुठं असतं? चहा कुठं प्यायला जातो? थोरला अभ्यासाला नेमका जिन्याच्या खालच्या पायरीवर का बसतो? सासूबाई दुपारी कुठल्या भिंतीला टेकून पोथी वाचतात? ते लिही आणि मग त्या जागेला टेप लाव. पायरी किती रुंद, खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती उंच, मागच्या दारातून ऊन कुठल्या फरशीपर्यंत येतं.

बघशील, आवडीच्या जागा बहुतेक लहान असतात. नवं घर म्हटलं की लोक हॉल वीस फुटी करतात आणि पुढं जन्मभर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून गप्पा मारतात. तुझ्याकडेही माणसं ओट्याजवळच जमतात. मग हॉलमधले दोन फूट काढ आणि स्वयंपाकघराला दे. तिथं एक बसका कट्टा ठेव, भाजी निवडायलाही होतो.

ओट्याची उंची सरसकट बत्तीस-चौतीस इंच धरतात. तू उंच आहेस. कोपर दुमडून उभी राहा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा येऊ दे. पंचवीस वर्षं पोळ्या लाटायच्या आहेत त्यावर. माडीच्या जिन्याची पायरीही मोज. सासूबाई आताशा वर जात नाहीत त्याचं सगळं खापर गुडघ्यांवर फोडू नका. त्या पायऱ्या फार उभ्या आहेत. नव्या घरात पायरीची उंची सहा-साडेसहा इंच आणि पाऊल ठेवायला दहा-अकरा इंच, यात तडजोड करायची नाही.

जे खुपतं तेही लिही. गव्हाची कोठी, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीची आरास, चपला, पावसाळ्यात वाळत घालायचे कपडे, भंगारवाल्याची वाट बघणारे डबे. यांना नकाशात कधीच खोली नसते आणि मग ते पाहुण्यांच्या खोलीत राहायला जातात.

पुरात काय उचललंत ते आठव

२०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. तुम्ही रातोरात सामान माडीवर नेलंत. काय काय नेलंत, कुठल्या क्रमानं, याची यादी घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळी करा. देव, कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, गॅसची टाकी, लेकरांची दप्तरं, तुझ्या आजीचा पितळी डबा. घाईत हात ज्याच्याकडे गेला, ते तुमचं खरं सामान. खाली राहिलं, भिजलं आणि नंतर कुणाला आठवलंही नाही, त्याचं नव्या घरात काही काम नाही. पसारा आवरताना हीच यादी समोर ठेवा, भांडणं कमी होतील.

जड वस्तूंपैकी एकच न्या. पाटा-वरवंटा वापरात असेल तर तो; जातं नुसतं शोभेला ठेवणार असाल तर ज्याच्याकडे दळलं जाईल त्याला देऊन टाका. पुरात भिजलेलं लाकडी कपाट कितीही मायेचं असलं तरी ठोकून, खरवडून बघितल्याशिवाय हलवू नका. त्याच्याबरोबर वाळवी नव्या घरात जाते आणि कोऱ्या चौकटींना लागते.

इसार दिला म्हणजे प्लॉट आपला झाला नाही

खरेदीखताच्या आधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. सातबारा असेल तर त्यावरचे सगळे फेरफार क्रमानं काढा; सिटी सर्व्हेत असेल तर प्रॉपर्टी कार्ड. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क, कुळाचं नाव काही आहे का ते बघा. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआऊट मागा, आणि लेआऊटवर आपल्या प्लॉटपर्यंत येणारा रस्ता बोट ठेवून शोधा. जागेवर रस्ता दिसतो म्हणून तो कागदावर असेलच असं नाही.

आपल्याकडे सांगली-मिरज-कुपवाडात गुंठेवारीचे प्लॉट ढिगानं आहेत. तसा असेल तर २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाल्याचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पुढचा पैसा द्यायचा नाही. विकणारा गुंठ्यात बोलतो, आर्किटेक्ट चौरस मीटरमध्ये आणि गवंडी चौरस फुटात. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे पाठ करून ठेव. आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणून हद्दीच्या खुणा खरेदीआधी पक्क्या कर. घर बांधून झाल्यावर शेजाऱ्याशी चार इंचांवरून भांडायची वेळ येऊ नये.

एवढं पाणी सोसल्यावर तुम्हाला हे सांगायला नको, तरी सांगते: पूररेषेचा नकाशा काढा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचा विचारही नको. लाल आणि निळीच्या मध्ये प्लॉट येत असेल तर अटी काय आहेत ते महापालिकेतून लेखी घ्या. एजंटच्या ‘इथं कधी पाणी आलं नाही हो’वर जाऊ नका.

प्लॉट श्रावणात बघ

सध्या श्रावण आहे, बरंय. छत्री घेऊन भर पावसात जा. पाणी कुठून येतं, कुठं साठतं, कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं ते तुला एका दुपारी कळेल. उन्हाळ्यात तीच जमीन सगळी सपाट आणि गुणी दिसते. शेजारच्या घरात जाऊन विचार: बोअर किती फुटांवर लागली, उन्हाळ्यात आटते का, गटार तुंबतं का, जमिनीलगतच्या भिंतींना ओल येते का. प्लॉट विकणारा जे सांगत नाही ते शेजारीण चहा ठेवता ठेवता सांगते.

काळ्या मातीशी चेष्टा नाही

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ऊस तिच्यावर जोमानं येतो. घराच्या भिंती मात्र तिरक्या तडकतात. म्हणून आधी एक खड्डा घेऊन माती किती खोल आहे ते इंजिनिअरला दाखवा. काळी माती ओलांडून मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत फुटिंग खाली न्यायचं. फार खोल असेल तर काय करायचं ते इंजिनिअर ठरवेल. त्यात ‘आमच्या गावात असंच करतात’ हे चालवून घ्यायचं नाही.

पाया खणला की निघालेली काळी माती ठेकेदार परत जोत्यात ढकलायला बघतो, कारण ती फुकट असते. जोतं मुरमानंच भरायचं. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस. एकदम भरून वर कोबा केला की दोन-तीन वर्षांत फरशी बसते आणि कपाटाखाली पोकळ वाजायला लागते. घराभोवती तीनेक फुटांचा फरशीचा पट्टा बाहेरच्या उतारानं करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही.

जोत्याची उंची रस्त्यावरून ठरवा, पण आजच्या रस्त्यावरून नव्हे. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो. गावभागातल्या जुन्या घरांचे उंबरे बघ, एके काळी दोन पायऱ्या चढून जावं लागे तिथं आता पायरीच उरलेली नाही. रस्त्यापासून अडीच-तीन फूट धरा आणि सासूबाईंसाठी एका बाजूनं उताराची वाट ठेवा. तिचा उतार हलका हवा: एक फूट चढायला बारा फूट लांबी.

एक गोष्ट आणखी. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा धक्का आपल्या भागानं सोसलाय. १९९३ला किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाच्या ओझ्याखाली. त्यामुळे आरसीसी इंजिनिअर वेगळा घ्या, त्याची फी वाचवू नका. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा सलग फिरला पाहिजे. कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत, हे स्वतः वाकून बघायचं.

ऊन आणि पाऊस कुठून येतो

वास्तुशास्त्राचं काय करायचं ते घरातल्या सगळ्यांनी नकाशा मंजूर व्हायच्या आधी एकदाच ठरवा. स्लॅब पडल्यावर कुणा पाहुण्यानं ‘संडास चुकीच्या दिशेला आहे’ म्हटलं तर त्याला चहा द्या आणि विषय बदला. ऊन-वाऱ्याचं शास्त्र मात्र कुणाच्या मतावर नाही. आपला पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, आणि एप्रिल-मेची दुपारही पश्चिमेच्या भिंतीवरच तापते. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठी घ्या. निजायची खोली नको. तिथल्या छज्ज्याला काटकसर करू नका, दोन फूट तरी बाहेर येऊ द्या आणि खालच्या कडेला पाणी तुटायला पन्हळ ठेवायला सांगा. स्वयंपाकघर पूर्वेला असलं की सकाळी दिवा लावावा लागत नाही.

उत्तरेकडे ऊन येतच नाही असं सगळे सांगतील. सांगलीत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही थोडी सावली ठेवायची.

पाणी: मसाल्यात कमी, भिंतीवर जास्त

घर बिघडतं ते बहुतेक पाण्यापायी. काँक्रीट कालवताना गवंड्याला पाणी जास्त हवं असतं, कारण मग माल सरसर पसरतो. तुम्हाला कमी हवं, कारण जास्तीच्या पाण्यानं ताकद जाते. नेहमीच्या एम-२० काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यामागं ३० लिटरपर्यंत पाणी, त्यावर नाही. एक मापाची बादली ठेवा आणि ती कुणाच्या तरी नजरेखाली राहू द्या.

काम झाल्यावर उलटं. आजकाल पोती बहुतेक पीपीसी सिमेंटची असतात. त्यांना किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, आमच्या उन्हात चौदा दिवस धरा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमना गोणपाट गुंडाळून भिजत ठेवा. विटाही लावण्याआधी भिजवलेल्या हव्यात, नाहीतर मसाल्यातलं पाणी त्याच पिऊन टाकतात. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघ, खणखणीत आवाज आला पाहिजे. सेंट्रिंग काढायची ठेकेदाराला घाई असते, पाट्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. लहान स्लॅबचे टेकू निदान सात दिवस, साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याचे चौदा, सहा मीटरवरच्या तुळयांचे एकवीस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा लिही आणि त्याला दाखव.

भिंतीतले पाइप आणि वायरिंग गिलाव्याखाली जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढ. पुढं खिळा ठोकताना किंवा नळ गळला की हे फोटो सोन्याचे. स्लॅबच्या सळ्यांचेही काढ. खालून कव्हर ब्लॉक लावलेत ना, तेही त्यात दिसलं पाहिजे.

ठेकेदार आणि त्याची माणसं

तुम्ही दोघंही नोकरीवाले, म्हणून नुसत्या मजुरीवर काम देऊ नका, मालासकट द्या. पण सिमेंट, सळई, फरशी, वायर यांचे ब्रँड आणि जाडी करारात लिहून घ्या. चौरस फुटाचा भाव ठरवताना बाल्कनी, छज्जा, पोर्च, टाकी धरायची की नाही हे आधी ठरवा. भांडणं तिथूनच सुरू होतात. पैसे काम झाल्यावर टप्प्यानं, पुढच्या कामाचे आगाऊ नाहीत. बँकेचं कर्जही जोतं, स्लॅब, गिलावा असं टप्प्यानं येतं, म्हणून पायापुरते पैसे आधी आपल्या गाठीला लागतात. ठरलेल्या खर्चाच्या वर पंधरा टक्के बाजूला ठेवा आणि त्याला फर्निचरचे पैसे समजू नका.

कामावर येणाऱ्या बायकांसाठी पिण्याचं पाणी, आडोसा आणि लेकरू झोपवायला सावली पहिल्या दिवसापासून करून दे. स्लॅबच्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवण. त्या दिवशी कंजूषपणा केलेला गवंडी विसरत नाही. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्यांना कामगार मंडळाकडे नोंदणी करता येते, त्यांच्या लेकरांना शिष्यवृत्ती मिळते. फॉर्म भरायला कुणी नसतं, तू भरून दे.

विकायचं कधी, निघायचं कधी

जावईबापू, हे तुमच्यासाठी. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर कर आहे. तो नफा नवं राहतं घर बांधायला लावला तर सूट मिळते, पण विक्रीपासून तीन वर्षांत घर बांधून पुरं झालं पाहिजे. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत न लागलेला पैसा बँकेच्या ‘कॅपिटल गेन्स’ खात्यात ठेवावा लागतो. साध्या बचत खात्यात पडून राहिला तर सूट हातची जाते. नवं घर लगेच विकायलाही नाही, तीन वर्षांच्या आत विकलं तर मिळालेली सूट उलटते. प्लॉटची किंमत त्यात कशी धरायची ते सीएकडून आधीच समजून घ्या.

म्हणून बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय विक्रीची घाई करू नका. घेणाऱ्याशी साठेखत करा, ताबा द्यायची तारीख त्यात लिहा आणि ती स्लॅबनंतरची ठेवा. तो थांबायला तयार नसेल तर खरेदीखतानंतर त्याच घरात काही महिने भाड्यानं राहायचा रीतसर करार करा. कर्जाचा हप्ता आणि तिसऱ्या ठिकाणचं भाडं एकदम अंगावर घेतलं की स्लॅबच्या वेळी सळई पातळ करायची बुद्धी होते.

घेणाऱ्याला सगळं सांग

पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ती रेघ भिंतीवर आहे ना? रंग देऊन झाकू नका. सहज न दिसणारा दोष सांगणं कायद्यानंही विकणाऱ्याचं काम आहे, आणि ज्या घरानं तुम्हाला सांभाळलं ते खोटं बोलून द्यायचं नसतं. माडी कुठल्या बाजूनं गळते, मुख्य नळाची चावी कुठं पुरली आहे, मागच्या दाराची कडी उचलून का लावावी लागते, हे एका कागदावर लिहून दे.

चौकट, झुला, दारावरची पितळी कडी यांतलं काही घेऊन जायचं असेल तर तेही साठेखतातच लिहा. भिंतीत बसवलेलं सगळं घराबरोबर जातं असं घेणारा धरून चालतो, आणि त्याचं बरोबर असतं. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल शेवटच्या तारखेपर्यंत भरून पावत्या घ्या. वीजमीटर त्याच्या नावावर झाल्याशिवाय फाइल बंद करू नका.

सासूबाई, लेकरं आणि झाडं

तुला घर सोडायचं वाईट वाटतं, पण तुझ्या सासूबाईंची गल्ली सुटते आहे. वाण्याला हाक मारली की तो सामान वर पाठवतो, संध्याकाळी गणपती मंदिरात ठरलेल्या चार बायका भेटतात, हे नव्या वसाहतीत विकत मिळत नाही. त्यांची खोली तळमजल्यावर, न्हाणीघर लागून, त्याचं दार तीन फुटी आणि कमोडशेजारी धरायला दांडी. आणि एक निर्णय संपूर्ण त्यांचा ठेवा: देवघर कुठं, केवढं, कसल्या लाकडाचं. त्यात तुम्ही तोंड घालायचं नाही. आठवड्यातला एक दिवस त्यांना रिक्षानं गावभागात सोडायचं हेही आत्ताच ठरवा, आणि तो दिवस पाहुणे आले तरी चुकवायचा नाही. लेकरांची शाळा वर्ष संपेपर्यंत बदलू नका.

झाडांचं काम मात्र याच पावसाळ्यातलं. मोगऱ्याची फांदी वाकवून कुंडीतल्या मातीत दाबून ठेव, मुळं धरली की आईपासून तोड. जास्वंदीच्या पेनाएवढ्या जाड काड्या लाव. प्राजक्ताचं बी गोळा कर. तुळशीच्या मंजिऱ्या चुरून नव्या कुंडीत टाक. मोठं झाड उपटून न्यायचा हट्ट करू नकोस. ते तिथंच बरं राहील आणि नव्या माणसाला फुलं देईल. कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेली रोपं मुळासकट काढून घे, आणि एक माझ्यासाठी ठेव.

पहिला पावसाळा जाऊ दे

दिवाळीनंतर पाया, माघात स्लॅब, चैत्रात गिलावा, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग मृग लागायच्या आत, असं धरून चाला. उशीर झाला तर मुहूर्त पुढं ढकला, गिलावा ओला असताना रंग देऊ नका. गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून खाली डाग येतो का ते बघितल्याशिवाय वरची फरशी लावायची नाही. राहायला जाण्याआधी महापालिकेचा भोगवटा दाखला घ्या. पुढं कर्ज, विक्री, सगळीकडे तो मागतात.

ठेकेदाराचे पाच टक्के पहिला पावसाळा पुरा होईपर्यंत तुमच्याकडे राहतील हे करारातच लिहा. गोड बोलून, हात जोडून, सणाचं निमित्त काढून तो मागेल. द्यायचे नाहीत. कोजागरीला गच्चीवर दूध आटवा, त्याला बायको-मुलांसकट बोलवा आणि भिंती कोरड्या असतील तर तिथंच चेक द्या.

वास्तुशांतीला मला दोन दिवस आधी बोलाव. पंगतीचा हिशेब मी बघते, तुमच्यापैकी कुणाला तो जमणार नाही. आणि गावभागातल्या गल्लीला सहकुटुंब आमंत्रण दे, घर विकत घेणाऱ्यालासुद्धा.